गाडी ‘कधी कधी’ सुरू होत नाही म्हणजे काय?



आपल्या अंकात ऊस लागवड, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या यांवर पुष्कळ लिहून येते. गाडीच्या दुखण्यावर सहसा कोणी लिहीत नाही. पण आज आपल्या दारात ट्रॅक्टर आहे, पिकअप आहे, कोणाकडे चारचाकी आहे आणि उसाच्या बिलातला बराच पैसा तिच्यामागे जातो. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. जी गाडी कधी सुरू होते आणि कधी होत नाही, तिच्यावरचा बहुतेक खर्च आपण अंदाजाने करतो, आणि या अंदाजपंचे कारभाराला मेस्त्रीपेक्षा आपणच जास्त जबाबदार असतो. मेस्त्रीची बाजू घ्यायची म्हणून हे म्हणत नाही. स्वतःचे पैसे घालवून झाल्यावर म्हणतो.

आमची गाडी डिझेलची, सात वर्षे वापरातली. आठ महिने तिने आम्हाला छळले. दहा वेळा चावी फिरवली की नऊ वेळा पटकन उचलायची, दहाव्या वेळी नुसते ‘टक्’. पुन्हा चावी, पुन्हा टक्. मग कोणी बॉनेटवर थाप मारायचे, कोणी मागून हलवायचे, आणि ती काही झालेच नाही अशी सुरू व्हायची. मेस्त्रीकडे नेली की शाळा तपासणीच्या दिवशी पोरे जशी शहाणी होतात तशी शहाणी! त्याच्यापुढे पंधरा वेळा सेल्फ मारला, पंधराही वेळा सुरू. तो बिचारा काय बघणार?

पहिला खर्च बॅटरीचा. झाले असे की गाडी वस्तीवर बंद पडली, चुलतभावाने ट्रॅक्टर आणून केबल जोडली आणि गाडी लगेच उचलली. दुसऱ्याच्या बॅटरीवर उचलली म्हणजे आपली बॅटरी गेली, हा निकाल तिथल्या तिथे सगळ्यांनी दिला आणि मीही मान डोलावली. नवी बॅटरी आली. पंधरा दिवसांनी पुन्हा टक्. मग सेल्फ काढला, बुश आणि कार्बन बदलले. त्यानंतर महिनाभर गाडीने हू की चू केले नाही. मी तर चार लोकांना सांगितलेसुद्धा की सेल्फच होता. पाचव्या आठवड्यात पुन्हा टक्. मग चावीचा स्विच बदलला. तिन्ही मिळून अकरा हजारांच्या वर गेले. तोडणी-वाहतूक कापून जवळपास चार टन उसाचे पैसे झाले हे. पहिल्या उचलीत बॅटरी गेली आणि पुढच्या हप्त्यात सेल्फ.

पैशाचे एक वेळ सोडा. श्रावणात एका रात्री दोनच्या सुमारास भावकीतल्या सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. पोरगे धावत आमच्याकडे आले, कारण गाडी आमचीच जवळ. मुलीला मागे बसवले, चावी फिरवली, टक्. दुसऱ्यांदा टक्, तिसऱ्यांदा टक्. कोणी १०८ ला फोन लावू लागले. चौथ्या वेळी उचलली. वेळेत पोचलो, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. पण त्यानंतर त्या घरातून आमच्या गाडीसाठी हाक आली नाही. दवाखान्याचे काम निघाले की ते आता लांबच्या वस्तीवरची जीप बोलावतात. तोंडावर कोणी काही बोलले नाही, पण अडीअडचणीला आपल्या दारातल्या गाडीवर भरवसा राहिला नाही हे कळायला बोलावे लागत नाही.

या दुखण्याचा निकाल लागला तो पुण्यात, मंडईत. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, तपासणीला नेले होते. परतताना ती म्हणाली, “आलोच आहोत तर मंडई दाव एकदा.” घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाण्यापूर्वी वडील वांगी-मिरची घेऊन तिथेच उतरायचे. मधल्या मनोऱ्याची ती दगडी इमारत तिच्या मनातली पुण्याची खूण. १८८६ साली ती उघडली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. तिच्यावर एवढा पैसा ओतायला महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर घाला असे त्यांचे म्हणणे होते, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. शेजारी जमिनीखाली २०२४ पासून मेट्रोचे स्टेशन झाले आहे. आईने मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, पेरू घेतले, भावावरून वादही घातला. दीड तासाने गाडीशी आलो. काळा चष्मा लावलेली आई मागे बसली, मी चावी फिरवली. टक्.

मंडईच्या मागच्या अंगाला, भर गर्दीत, गाडी वाटेत आडवी. मंडईला लोक मंडई विद्यापीठ म्हणतात ते उगीच नाही. दोन मिनिटांत सहा प्राध्यापक गोळा झाले. पाच जण म्हणाले बॅटरी. एका गाडीवाल्याने भल्या मनाने केबल काढून त्याच्या बॅटरीवरून आमच्या बॅटरीला जोडून दिली. तरी टक्. तेव्हा भाजीच्या टेम्पोवरचा एक तिशीतला पोरगा खाली उतरला.

“काका, सेल्फ फिरतो का नुसता टक करतो?”

“टक करतो.”

“दर वेळी टकच, का कधी फिरतो पण उचलत नाही?”

मी आठवू लागलो.

“गाडी तापल्यावर करते का सकाळी गार असताना?”

“दोन्ही वेळा... बहुतेक तापल्यावर.”

“बहुतेक नको, काका. चावी मारताना हेडलाइट बघितलाय का कधी? बारीक होतो का तसाच राहतो?”

आठ महिन्यांत ते कधी बघितले नव्हते. दहा-बारा वेळा गाडीने दगा दिला, प्रत्येक वेळी मी स्टिअरिंगवर हजर होतो, आणि मला चार प्रश्नांपैकी एकाचे धड उत्तर देता आले. शेतात बैल लंगडला तर कोणत्या पायाने, कधीपासून, चढावर का उतारावर, हे सगळे आपण जनावरांच्या डॉक्टरला न विचारता सांगतो. गाडीबद्दल मात्र ‘कधी कधी सुरू होत नाही’ एवढेच सांगून चावी मेस्त्रीच्या हातात देतो.

त्याने हेडलाइट लावायला सांगितले आणि चावी मारायला सांगितली. टक् झाले, पण दिवा जसाच्या तसा लखलखीत. “बॅटरी उतरली असती तर दिवा झोपला असता. करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही.” मग त्याने केबलचे एक टोक आमच्या बॅटरीच्या मायनसला लावले आणि दुसरे थेट इंजिनाच्या उघड्या बोल्टला. “मारा.” पहिल्याच फटक्यात गाडी उचलली. केबल काढून परत मारली, टक्. लावून मारली, सुरू. तीन वेळा करून दाखवले. दोष असा हुकमी आणता आणि घालवता येईपर्यंत तो सापडला असे म्हणू नये, ही गोष्ट मी त्या पोराकडून शिकलो.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते. त्यामुळे सेल्फचा करंट बॅटरीला परत जायला इंजिनापासून बॉडीपर्यंत एक विणलेली पट्टी किंवा जाड वायर लागते. तिला आपल्याकडे अर्थिंगची पट्टी म्हणतात. आमच्या गाडीत तिच्या बोल्टखाली गंज चढला होता. इंजिन हलले की कधी टेकायची, कधी नाही. हेडलाइटचा करंट इंजिनातून जातच नाही, तो बॉडीवरून परततो, म्हणून दिवा चांगला दिसायचा. सेल्फ काढून बसवताना इंजिनाशी झटापट झाली, तेव्हा पट्टी चांगली टेकली असणार, म्हणून महिनाभर गाडी बरी राहिली आणि श्रेय नव्या बुशांना मिळाले. आणि चुलतभावाने ट्रॅक्टरची केबल जोडली तेव्हा मायनसचा चिमटा बॅटरीवर न लावता इंजिनावर लावला होता. तो बरोबरच वागला. ठिणगी बॅटरीजवळ पडू नये म्हणून शेवटचा चिमटा लांब इंजिनाच्या लोखंडावरच लावायचा असतो, कारण बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. पण त्यामुळे खराब पट्टीला वळसा मिळाला, आणि आम्ही शिक्का मारला बॅटरीवर. मंडईत चिमटा बॅटरीवर लागला, वळसा मिळाला नाही, म्हणून टक्.

पोलिश कागदाने गंज घासला, बोल्ट आवळला, पुढे गावी येऊन नवी पट्टी टाकली. त्या पोराने पैसे घेतले नाहीत. आईने पिशवीतले पेरू दिले ते मात्र घेतले.

आता एवढा गंज काय करतो, हे समजायला आपल्या पाइपलाइनचे उदाहरण पुरेल. शेवटचा व्हॉल्व्ह बंद असताना प्रेशर गेज पूर्ण दाब दाखवते, मग पाइपात गाळ असो वा नसो. व्हॉल्व्ह उघडून पाणी वाहू लागले की गाळलेल्या पाइपाचा दाब बसतो. तारेचेही तसेच. गाडी उभी असताना मीटर १२.६ व्होल्ट दाखवील. पण डिझेल गाडीचा सेल्फ उचलताना सहज २०० अँपिअर किंवा त्याहून जास्त मागतो. सांध्यात ओहमचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ एवढा अडथळा असला तर तिथेच ४ व्होल्ट खाल्ले जातात आणि बारातले आठ उरतात. त्याच सांध्यातून दोन हेडलाइटचे १० अँपिअर गेले तर ०.२ व्होल्टच जातील, डोळ्याला कळणारसुद्धा नाही. म्हणून ‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, मग सेल्फ का नाही’ या प्रश्नात काही कोडे नाही.

चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर घेतला तर हे घरी मोजता येते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ च्या आसपास हवे. १२.२ म्हणजे ती अर्धी उतरली. सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी थकली आहे, किंवा सेल्फ जाम होऊन फार ओढतो आहे. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर भरणा करतो आहे. आणि जी तपासणी माझे अकरा हजार वाचवती ती अशी: मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खांबाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, आणि दुसऱ्याला चावी मारायला सांगायचे. काटा किंवा आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की वाट खराब. प्लसच्या बाजूला बॅटरी ते सेल्फचा जाड बोल्ट, तशीच परीक्षा. फक्त हे दोष असेल त्या वेळी करायचे. गाडी शहाण्यासारखी वागत असताना मोजले तर मीटरही तिचेच गुण गाईल.

सगळ्या गाड्यांचे दुखणे अर्थिंग नसते, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर उद्या सगळे गाव पट्ट्या बदलायला जाईल. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, हा निराळा रोग. डिझेल ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी कुरकुरतो आणि दुपारी बिनतक्रार चालतो, हातपंप मारला की लगेच उठतो, तर कुठेतरी पाइप एअर पकडतो आहे. नव्या पेट्रोल-डिझेल गाड्या तापल्यावर बंद पडून गार झाल्या की सुरू होत असतील, तर इंजिनाच्या फिरण्याची खबर देणारा सेन्सर बघावा लागतो. चावीतली चिप ओळखली गेली नाही तर डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतो, तिकडे कोणी बघत नाही. हल्ली संगणक लावून दोषाचे नंबर वाचतात, ते चांगलेच आहे. पण तो संगणक कोणत्या सर्किटची तक्रार आहे ते सांगतो, तार का तुटली ते सांगत नाही, आणि गंजलेली पट्टी बहुधा त्याच्या हिशेबातच नसते. जुन्या गाड्यांत याची एक गमतीची खूण होती. अर्थिंग गेले की करंट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलीतून परतायचा आणि ती केबल हाताला चटका बसण्याइतकी तापायची.

ही जी पद्धत आहे ती आपल्याला परकी नाही. उसाचे पान पिवळे पडले की काही जण सरळ युरियाचे पोते फोडतात. कृषी अधिकारी मात्र आधी विचारतात, खालची जुनी पाने पिवळी का वरची कोवळी? जुनी पाने असतील तर नत्र कमी. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही, विशेषतः चुनखडीच्या रानात, आणि तिथे युरियाने काम होणार नाही. एक प्रश्न आणि एक नजर, पण पोत्याचा खर्च वाचतो. आपल्या कारखान्यातही गाळप थांबले की किती तास थांबले आणि कशाने, ऊस नव्हता म्हणून, यंत्र बिघडले म्हणून, का वीज गेली म्हणून, याची नोंद होते. तशी नोंद नसती तर प्रत्येक हंगामात आपण मिलचा दोष बॉयलरवर ढकलला असता. मग दारातल्या गाडीची दहा ओळींची वही का नको? तारीख, गार का गरम, टक् का फिरतो, दिवा कसा, पाऊस होता का, काय केल्यावर सुरू झाली. पाच नोंदी झाल्या की रोग बोलू लागतो. मेस्त्रीला ती वही दाखवा आणि बदलण्यापूर्वी एकच विचारा, “मोजून काय आले?” चांगला मेस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. रागावला तर ती नोंदही वहीत करावी.

खरी काळजी मला केन यार्डाची आहे. हंगामात रात्री जाऊन बघा. नंबर लागायला तासन्‌तास आहेत, तरी कित्येक ट्रॅक्टर धडधडत उभे असतात. ड्रायव्हरला विचारले तर म्हणतो, “बंद केला तर परत उचलंल का न्हाई, भरवसा न्हाई.” म्हणजे एका सैल टर्मिनलच्या भीतीने रात्रभर डिझेल जाळायचे, आणि ते आपल्याच पैशाचे. दुसरा प्रकार त्याहून वाईट. सेल्फ घेत नाही म्हणून खाली उतरायचे आणि सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ट्रॅक्टर उचलायचा. तो गिअरमध्ये राहिला असेल तर सुरू होताच चालू लागतो, आणि लावणारा माणूस मागच्या चाकापुढेच उभा असतो. अशाने माणसे चिरडून मेलेली आहेत. ट्रॅक्टरला न्यूट्रलचा किंवा क्लचचा जो स्विच दिलेला असतो तो याचसाठी, आणि स्क्रू ड्रायव्हर त्याच स्विचला बगल देतो. ऊसतोड मजुरांची पोरे त्या चाकांच्या आसपास झोपलेली असतात, हे कोणाला सांगायला नको.

म्हणून संचालक मंडळापुढे मी लेखी सूचना दिली आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गट कार्यालयात एक दिवस ट्रॅक्टर मालक आणि ड्रायव्हर यांना बोलवावे, कारखान्याच्या वर्कशॉपमधला एक वायरमन द्यावा, आणि एक मीटर, एक टेस्ट लॅम्प, एक वायर ब्रश व पेट्रोलियम जेलीचा डबा गट कार्यालयातच कायम ठेवावा. भाषणे नकोत. ट्रॅक्टर उभा करून टर्मिनल साफ करायचे, अर्थिंग मोजायचे, न्यूट्रलचा स्विच कोणी बांधून टाकला असेल तर तो सोडून दुरुस्त करायचा. याला फार पैसा लागत नाही. काही सभासद म्हणतील, कारखान्याचे काम साखर करायचे, गाड्या दुरुस्त करायचे नव्हे. मान्य. पण ऊस गव्हाणीपर्यंत ज्या ट्रॅक्टरने येतो तो वाटेत बंद पडला तर वजन उसाचेच घटते.

आमच्या गाडीच्या वहीत मंडईनंतर एकही ‘टक्’ लिहिले गेलेले नाही. तरी मी वही बंद केलेली नाही, कारण सेल्फ दुरुस्त केल्यावरही महिनाभर पान कोरेच राहिले असते. गेल्या आठवड्यात भावकीतल्या त्या घरच्या बाळाला लस द्यायला न्यायचे होते. आईने स्वतः जाऊन सांगितले की गाडी आता नीट आहे. ते म्हणाले, या वेळी जीपवाल्याला सांगून झाले आहे, पुढच्या वेळी बघू.

ज्या सभासदांचे ट्रॅक्टर यार्डात बंद न करता उभे ठेवावे लागतात, त्यांनी आपले नाव व ट्रॅक्टरची तक्रार आपापल्या गट कार्यालयात लिहून द्यावी. किती नावे येतात यावर एक दिवस पुरेल का दोन, ते ठरवता येईल.